एकशेवीस मीटरच्या आतच आम्ही असतो: मावळातल्या ड्रोनवाल्यांना खुले पत्र

पवनेच्या काठी, लोहगड-विसापूर-तिकोन्यावर आणि कामशेतच्या टेकड्यांवर सुट्टीच्या दिवशी ड्रोन उडवणाऱ्या सर्व हौशी मंडळींना,

स.न.वि.वि.

मी कामशेतला पॅराग्लायडिंग करतो. हंगामात टँडम उडवतो, म्हणजे पुढे पाहुणा बसलेला आणि मागे मी. हे पत्र सरकारी कचेरीतही जाणार आहे, पण आधी तुम्हाला लिहितोय. सरकारी कागद हलेल तेव्हा हलेल. येत्या रविवारी कंट्रोलर तुमच्या हातात असणार आहे आणि कड्यालगत मी असणार आहे.

आधीच सांगून टाकतो, ड्रोनवर सरसकट बंदी घाला असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. आमच्यातल्या निम्म्या लोकांकडे स्वतःचे ड्रोन आहेत. कोणी झाडीत उतरला, घळीत अडकला, तर त्याला शोधायला ड्रोनइतकं कामाचं दुसरं काही नाही. शिवाय बंदीत आमचाही स्वार्थ नाही. मुंबई पोलिसांचे वरचेवर निघणारे बंदी आदेश कधी नीट वाचून पाहा. ड्रोन, पॅराग्लायडर, मायक्रोलाइट, हॉट एअर बलून अशी सगळी मंडळी त्यात एकाच वाक्यात बसवलेली असतात. उद्या इथे एखाद्या ड्रोनने घोळ घातला, तर तुमच्याबरोबर आमचाही बाजार उठणार, हे मला पक्कं ठाऊक आहे.

माझं म्हणणं एका गोष्टीपुरतं आहे. तुमच्यातला जो नियम वाचून उडवतो, त्याच्या डोक्यात एक आकडा पक्का बसलेला असतो: १२० मीटर, म्हणजे ४०० फूट. २५ ऑगस्ट २०२१ ला आलेल्या ड्रोन नियमांनी नकाशावरच्या हिरव्या, म्हणजे मोकळ्या, विभागात जमिनीपासून एवढ्या उंचीपर्यंत परवानगीशिवाय उडवायला मोकळीक दिली. त्यामागचा विचार सरळ आहे, माणसं बसलेली विमानं वर आणि ड्रोन खाली. लोहगावला उतरणाऱ्या विमानासाठी तो ठीक आहे. पण मावळातल्या डोंगरात त्या १२० मीटरच्या आतच माणसं उडत असतात. तुम्ही नियम तंतोतंत पाळूनही आमच्या अंगावर येऊ शकता, आणि हे तुमच्यापैकी बहुतेकांना कोणी सांगितलेलंच नाही.

कामशेतला उडणं म्हणजे ढगात जाणं, असा पाहुण्यांचाही समज असतो. प्रत्यक्षात ऑक्टोबर ते मे या हंगामात आमचा बराचसा वेळ डोंगराच्या कडेलाच जातो. वारा डोंगरावर आदळतो, त्याला पुढे वाट नसते, म्हणून तो वर वळतो. त्या वर चढणाऱ्या हवेला आम्ही लिफ्ट म्हणतो. तिचा पट्टा अरुंद असतो. माथ्याच्या थोडं वर आणि कड्याच्या थोडं बाहेर, त्या पट्ट्यात आम्ही डोंगराला समांतर येरझाऱ्या घालतो. पट्टा सोडला की उंची गेली, आणि उंची गेली की खाली शेतात उतरणं आलं. चांगलं थर्मल, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून उठणारा गरम हवेचा झोत, मिळालं तर वर जातो, पण ते दर वेळी मिळत नाही. चांगल्या वाऱ्याच्या दुपारी याच पट्ट्यात पाच-सात विंग, म्हणजे पॅराग्लायडरचे कापडी पंख, एकमेकांशेजारून ये-जा करत असतात.

ही ये-जा अंदाधुंद नसते. समोरासमोर दोन पायलट आले, तर ज्याच्या उजव्या हाताला डोंगर असेल तो आपली वाट धरून जातो, आणि ज्याच्या डाव्या हाताला डोंगर असेल तो उजवीकडे, दरीच्या बाजूला सरकतो. कारण साधं आहे: पहिल्याला सरकायला जागाच नसते. नवीन पोराला जमिनीवर विंग उभी करायला शिकवतानाच हे सांगतात. रस्त्यावर डाव्या बाजूने चालण्याइतकं ते अंगवळणी पडलेलं असतं. या सगळ्यात खालून एक ड्रोन येतो. तो कोणत्या बाजूला वळेल, थांबेल की नाही, ज्याच्या हातात तो आहे त्याला मी दिसतोय की नाही, यातलं काहीही मला कळायला मार्ग नसतो.

मागच्या हंगामातली गोष्ट. पाहुणे साठी ओलांडलेले काका, मुलांनी वाढदिवसाची भेट म्हणून उड्डाण दिलेलं. दुपारची वेळ, पवनेच्या बाजूला कोणाचं तरी प्री-वेडिंग शूट चाललेलं. डोंगर माझ्या डाव्या हाताला. काका एकदम खूश होऊन म्हणाले, "ते बघा, ड्रोन! हात करू का?" आणि त्यांनी हात केलाही. मला तोवर तो दिसलाच नव्हता. आवाजाचा प्रश्नच नाही, कारण लाइन्समधून, म्हणजे विंगच्या दोऱ्यांमधून, जाणाऱ्या वाऱ्याच्या सूं-सूंमध्ये शेजारचा माणूस ओरडला तरी अर्धं ऐकू येत नाही. ड्रोन उजवीकडे, दरीच्या अंगाला, आमच्यापेक्षा थोडा खाली होता आणि वर येत होता. नियमाने मी उजवीकडे सरकायचं, तर तिथे तो. डावीकडे डोंगर. मी ब्रेक सोडून, म्हणजे वेग वाढवून, सरळ पुढे गेलो, लिफ्ट मागे राहिली आणि माथ्यावर उतरायचं सोडून खाली भाताच्या कोरड्या खाचरात उतरलो. काकांना वाटलं, हाच आजचा कार्यक्रम. त्यांनी चहा पाजला.

नंतर गाडीने काठावर जाऊन त्या पोराला गाठलं. विशीतला, सभ्य, कामात हुशार. भांडायची खुमखुमी त्यालाही नव्हती. म्हणाला, "सर, टेन्शन नका घेऊ, याला सेन्सर आहेत. आणि फक्त दोनशे एकोणपन्नास ग्रॅमचा आहे हा, याला लायसन लागत नाही." वर असंही म्हणाला, की पॅराग्लायडर फ्रेममध्ये आला तर कपलला फार आवडतं. म्हणजे तो चुकून जवळ आला नव्हता, शॉट घ्यायला आला होता.

त्याच्या दोन्ही मुद्द्यांना इथे उत्तर देतो, कारण ते दोन्ही तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या तोंडी आहेत.

आधी सेन्सर. लहान घडीच्या ड्रोनपैकी बऱ्याच मॉडेलना चारही बाजूंचे सेन्सर नसतात, आणि स्पोर्ट मोडमध्ये, म्हणजे सगळ्यात वेगात उडवताना, अडथळा टाळायची सोय बंदच होते. ज्यांना सगळीकडचे सेन्सर आहेत, त्यांच्याही माहितीपुस्तिकेत बारीक तारा, दोऱ्या आणि फांद्या ओळखता येतीलच असं नाही, असं बनवणाऱ्यानेच लिहिलेलं असतं. आता आमचं यंत्र कसलं आहे ते पाहा. वर कापडाची विंग, खाली हार्नेसमध्ये आम्ही, आणि मधल्या सात-आठ मीटरमध्ये नुसत्या लाइन्स. बुटाच्या नाडीहूनही बारीक, वरच्या बाजूच्या तर जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या. ड्रोनच्या दृष्टीने विंग आणि माणूस यांच्यामध्ये मोकळं आकाश आहे. तो तिथूनच घुसणार. पंख्याने दोन-चार लाइन्स गुंडाळल्या की विंगची ती बाजू खाली खेचली जाते, विंग कोलॅप्स होते, म्हणजे मिटते, आणि गरगर फिरायला लागते. रिझर्व्ह पॅराशूट असतं, आहेच. पण ते हाताने फेकायचं, उघडायचं आणि त्याने भार झेलायचा याला उंची लागते. कड्यालगत तीच नसते.

आणि वेळ किती मिळतो? घडीचा छोटा ड्रोन स्पोर्ट मोडला सेकंदाला सोळा मीटर जातो. आमची विंग सेकंदाला दहा मीटरच्या आसपास. समोरासमोर असलो तर दोनशे मीटरचं अंतर आठ सेकंदांच्या आत संपतं. दोनशे मीटरवरून तळहाताएवढा करडा ड्रोन मागे करड्या डोंगराची पार्श्वभूमी असताना दिसतो का, हे एकदा स्वतः जमिनीवर उभं राहून पाहा.

आता ते दोनशे एकोणपन्नास ग्रॅम. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या डोंगरांना आग लागली होती, तेव्हाची बातमी तुम्ही वाचली असेल. कॅनडाच्या क्वेबेक प्रांताने दिलेलं सुपर स्कूपर विमान पाणी टाकत होतं. समुद्रातून पाणी उचलून आगीवर ओतणारं, दोन इंजिनांचं, आत दोन माणसं असलेलं विमान. ९ जानेवारीला एका हौशी माणसाने सांता मोनिकातल्या पार्किंगच्या इमारतीच्या गच्चीवरून ड्रोन सोडला, आग बघायला अडीच किलोमीटरच्या पलीकडे नेला आणि तो त्याच्या नजरेआड गेला. पुढे तो ड्रोन त्या विमानाच्या पंखावर आदळला आणि सुमारे तीन बाय सहा इंचाचं भोक पाडून गेला. ड्रोन याच, अडीचशे ग्रॅमच्या आतल्या वर्गातला. विमान सुखरूप उतरलं, पण ऐन आगीत काही दिवस जमिनीवर राहिलं. त्या माणसाला गुन्हा कबूल करावा लागला, पासष्ट हजार डॉलरहून जास्त भरपाई आणि १५० तास समाजसेवा मान्य करावी लागली. धातूच्या पंखाचं हे झालं. आमची विंग नायलॉनच्या कापडाची आहे.

वजनाच्या सवलतीबद्दलही गैरसमज फार आहेत. आपल्या नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो. तो उडवायला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही, त्रयस्थाचा विमा लागत नाही. दोन किलोपर्यंतचा मायक्रो, तो धंद्यासाठी नसेल तर त्यालाही सर्टिफिकेट लागत नाही. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पण प्रत्येक ड्रोनला ओळख क्रमांक, म्हणजे यूआयएन लागतो, हे त्याच नियमांत आहे. त्याची फी शंभर रुपये आहे. आणि माणूस बसलेल्या विमानाला आधी वाट द्यायची, त्यापासून लांब राहायचं, ही अट नॅनोपासून सगळ्यांना लागू आहे. पॅराग्लायडरमध्ये माणूस असतो, हे वेगळं सांगायला नको. लग्नाच्या शूटचे पैसे घेत असाल, तर तो धंदाच झाला आणि मायक्रोची सवलतही गेली.

यूआयएनचा विषय निघाला की सगळे गप्प का होतात, तेही मला कळतं. ९ फेब्रुवारी २०२२ ला विदेश व्यापार महासंचालनालयाने परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनची आयात बंद केली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढेच अपवाद. तरीही दर शनिवारी पवनेच्या काठावर कोरे करकरीत परदेशी ड्रोन दिसतात. कोणाच्या मामाने येताना बॅगेतून आणलेले, कोणी बाजारातून बिलाशिवाय घेतलेले. असा ड्रोन घेऊन नोंदणीला कोण जाणार? आणि ज्याची नोंद नाही तो काही बिनसलं तर सांगायला तरी कशाला येईल? अपघात झाला तर ४८ तासांच्या आत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला कळवायचं, हाही नियम आहे. तो या लपवाछपवीत आधीच मेलेला आहे. आयातबंदीमागे देशी उद्योगाचा विचार आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण तिचा एक परिणाम असा झाला, की सरळमार्गी हौशी माणसालाही चोरून उडवायची सवय लागली.

किल्ल्यावरच्या मंडळींशी थोडं वेगळं बोलायचंय. लोहगडाचा माथा समुद्रसपाटीपासून १,०३३ मीटर उंच आहे आणि पवनेच्या पाण्यापासून सुमारे चारशे मीटर. तुम्ही माथ्यावरून ड्रोन सोडता तेव्हा स्क्रीनवरची उंची सोडलेल्या जागेपासून मोजलेली असते. ड्रोन तटाबाहेर दरीवर गेला, की स्क्रीन म्हणते १०० मीटर आणि खालची जमीन असते पाचशे मीटर खाली. नियमातली उंची जमिनीपासूनची आहे, स्क्रीनवरच्या आकड्याची नाही. थर्मल मिळून जे पायलट वर येतात ते नेमके याच उंचीवर दरी ओलांडतात. ॲपने अडवलं नाही म्हणजे चालतं, हेही मनातून काढून टाका. ॲपला विमानतळ ठाऊक असतात, आमचे टेक-ऑफ, म्हणजे उड्डाणाच्या जागा, नाहीत. ड्रोन बनवणाऱ्या डीजेआय कंपनीने तर जानेवारी २०२५ पासून अमेरिकेत विमानतळांजवळही ड्रोनला सक्तीने रोखणं बंद केलं, आता फक्त इशारा येतो. (लोहगड आणि विसापूर केंद्रसंरक्षित स्मारकं आहेत, तिथे पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवायचाच नाही, हा मुद्दा माझा नाही, पण तटावर उभं राहिलात की आठवू द्या.)

आणखी एक, ज्याने मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते: रिटर्न टू होम. सिग्नल गेला किंवा बॅटरी उतरली, की ड्रोन आपला आपण ठरवलेल्या उंचीपर्यंत सरळ वर चढतो आणि नाकासमोर परत येतो. डोंगराआड गेल्यावर सिग्नल हमखास जातो. मग स्क्रीन काळी झालेली, तुम्ही काठावर हवालदिल आणि ड्रोन मात्र बेधडक आमच्या पट्ट्यातून वर चाललेला. ही उंची किती ठेवलीय, हे उडवण्याआधी किती जण बघतात?

न्यूयॉर्कमध्ये २१ सप्टेंबर २०१७ ला लष्कराच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरला एका फँटम ड्रोनने धडक दिली. उडवणारा चारेक किलोमीटर दूर, ड्रोन नजरेच्या पार बाहेर. हेलिकॉप्टरच्या पात्याला इजा झाली, ड्रोनच्या मोटरचा तुकडा हेलिकॉप्टरमध्ये सापडला आणि त्यावरून माग काढत तपासणारे त्या माणसापर्यंत पोहोचले. तोपर्यंत त्याला वाटत होतं, की आपला ड्रोन समुद्रात पडला असेल. मी वाईट माणसाची गोष्ट सांगत नाहीये. स्क्रीनकडे बघणाऱ्याला आजूबाजूचं आकाश दिसत नाही, एवढंच. गॉगल लावून एफपीव्ही, म्हणजे ड्रोनच्या कॅमेऱ्यातूनच बघत, उडवणाऱ्यांचं तर डोकंच डब्यात असतं. त्यांच्या शेजारी डोळे उघडे ठेवून वर बघणारा दुसरा माणूस हवाच हवा. मित्राला घेऊन येता, त्याला मोबाइलवर रील बघू देऊ नका.

"आकाश काय तुमच्या बापाचं आहे का?" हे एकाने तोंडावर विचारलेलं आहे. नाही, बापाचं नाही. पण माझ्या यंत्राला इंजिन नाही, मला मध्येच थांबता येत नाही, मागे जाता येत नाही, आणि चुकलं तर माझ्याबरोबर पाहुणाही जातो. तुमचं चुकलं तर ड्रोन जातो. ज्याला थांबता येतं त्याने थांबावं, यात मानापमान कसला?

आता प्रत जिकडे जाणार आहे तिकडे वळतो.

मा. जिल्हाधिकारी आणि मा. पोलीस अधीक्षक, पुणे ग्रामीण, यांना विनंती आहे की या पत्राकडे बंदीची मागणी म्हणून पाहू नये. तक्रार करायची तर नक्की कुठे, हेच आमच्यातल्या बहुतेकांना ठाऊक नसतं. ड्रोन म्हटलं की विषय दिल्लीच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, आणि तिथला माणूस रविवारी दुपारी पवनेच्या काठावर येणार नाही हे उघड आहे. ड्रोन नियमांतला एक लाखापर्यंतचा दंड त्यामुळे कागदावरच राहतो. पण दुसऱ्याचा जीव धोक्यात येईल असं बेदरकार वागणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यात ड्रोनचा वर्ग, वजन, नोंदणी यांतलं काहीच सिद्ध करावं लागत नाही. उडणाऱ्या माणसाच्या अंगावर मुद्दाम ड्रोन नेला, एवढं पुरे. ते बहुतेकदा ड्रोनच्याच मेमरी कार्डवर रेकॉर्ड झालेलं असतं.

दुसरं हत्यार याहून सोपं आहे. ड्रोन नियमांनुसार पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याला एखाद्या जागेपुरता, एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल, म्हणजे मनाईचा, विभाग जाहीर करता येतो. तो सरकारच्या ड्रोन नकाशावर दिसतो. ९६ तास म्हणजे शुक्रवार ते सोमवार. जोडून आलेल्या सुट्ट्यांचे दिवस, स्पर्धेचे दिवस, आणि कोणी कड्यावर अडकून बचावकार्य चालू असेल ती वेळ, एवढ्यापुरता टेक-ऑफ आणि लँडिंगभोवती तो जाहीर व्हावा. बचावाच्या वेळी तर नक्कीच, कारण माणूस झाडाला लटकलेला असताना वर तीन ड्रोन घिरट्या घालत असतात आणि रात्री त्याचे व्हिडिओ गावभर फिरतात. कायमच्या उपायासाठी, हंगामात उडायच्या या मोजक्या टेकड्या नकाशावर पिवळ्या, म्हणजे परवानगीच्या, विभागात याव्यात असा प्रस्ताव जिल्ह्याकडून केंद्राच्या मंत्रालयाकडे जावा. तो नेमका कुठल्या बिंदूंपासून कुठपर्यंत असावा, हे आम्ही पायलट बसून एका दिवसात आखून देऊ.

हवेतल्या ड्रोनमागे पोलीस पळवून काही होत नाही, हे गॅटविकने दाखवलंय. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनजवळच्या त्या विमानतळावर ड्रोन दिसल्याच्या खबरांवरून सुमारे एक हजार उड्डाणांची वाट लागली, एक लाख चाळीस हजार प्रवासी खोळंबले, पोलीस आणि लष्कर दोन्ही कामाला लागले. खरा माणूस आजतागायत सापडलेला नाही. ज्या नवराबायकोला पकडलं ते निर्दोष निघाले आणि उलट पोलिसांनाच त्यांना भरपाई द्यावी लागली. म्हणून जे करायचं ते जमिनीवर, ड्रोन पेटीतून बाहेर पडण्याआधी करायला हवं. लोहगडवाडीच्या पार्किंगला, तिकोनापेठेत, पवनानगरच्या चौकात एकेक मराठी फलक लावा. त्यावर टेकड्यांची नावं, हंगाम, वेळ आणि तक्रारीचा एक फोन नंबर. काठावरच्या कॅम्पवाल्यांनाही यात घ्या. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाखाली आम्हा पॅराग्लायडिंगवाल्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते, तशाच अटी पाहुण्यांना "ड्रोन शूटसह पॅकेज" विकणाऱ्यांनाही घालता येतील. पॅकेज विकणाऱ्याने ड्रोनवाल्याचा यूआयएन आणि सर्टिफिकेट पाहून वहीत लिहून ठेवलं, तर निम्मा प्रश्न तिथेच मिटेल.

२०२४ च्या पावसाळ्यात शिरूर-आंबेगाव-जुन्नरकडे रात्रीच्या ड्रोनच्या बातम्यांनी गावंच्या गावं जागी राहिली होती. तेव्हापासून खेड्यात ड्रोन दिसला की लोक आधी काठी शोधतात. उद्या गावकऱ्यांनीच कोणाचा ड्रोन खाली पाडला आणि तो आमच्या एखाद्या विंगमध्ये येऊन अडकला, तर गुन्हा कोणावर लावणार? सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने नव्या ड्रोन कायद्याचा मसुदा चर्चेला ठेवला. त्याचं जे व्हायचं ते होईल. पण ठाण्यातल्या शिपायाला ड्रोन म्हणजे काय, नॅनो कुठला, मायक्रो कुठला, यूआयएन कुठे शोधायचा, हे शिकवायला नव्या कायद्याची वाट बघायची गरज नाही. ते शिकवायला आमच्यातले ड्रोनवाले एका पायावर तयार आहेत.

पुन्हा तुमच्याकडे येतो, मित्रहो. मागणं फार नाही. डोंगरावर रंगीत विंग किंवा विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, दिसला, तर त्या बाजूला ड्रोन नेऊ नका. हवेत असताना विंग दिसली, तर आधी उंची कमी करा, मग लांब व्हा. वर चढून आमच्या डोक्यावर थांबू नका, कारण आम्हीही कधी कधी झपकन वर येतो. रिटर्न टू होमची उंची डोंगर पाहून ठेवा. शॉट हवाच असेल, तर टेक-ऑफवर या, कोणत्याही पायलटला विचारा. आमच्यातले बरेच जण आनंदाने तयार होतील. वेळ ठरवू, कोण कुठल्या बाजूला राहील ते ठरवू, रेडिओवर एक जण तुमच्या शेजारी उभा करू. असं ठरवून केलेले शॉट चोरून घेतलेल्यांपेक्षा दसपट चांगले येतात, हे तुमच्यातला जो कोणी एकदा येऊन गेलाय तो सांगेल. आणि जवळून काही गेलं, काही घासलं, तर लपवू नका, येऊन सांगा. विंगच्या लाइन्स उडण्याआधी तपासायला आम्हाला तेवढं कळलं पाहिजे.

दुपारी साडेतीननंतर वारा चांगला असेल तर आम्ही वरच असतो. त्या वेळी पवनेच्या बाजूला ड्रोन काढणार असाल, तर आधी टेक-ऑफवर एक निरोप द्या.

आपला,
मावळातला एक टँडम पायलट

प्रत, माहिती व योग्य त्या कार्यवाहीसाठी: मा. जिल्हाधिकारी, पुणे, मा. पोलीस अधीक्षक, पुणे ग्रामीण. पर्यटन संचालनालय, महाराष्ट्र शासन.